भीमेच्या पोटांतील देऊळ

आमचे एक स्नेही सहकुटुंब इटलीचा प्रवास करून आले, तेव्हां त्यांनीं आणलेलीं छायाचित्रें पाहण्याचा योग आम्हांस आला. रोमचें प्राचीन क्रीडागार, व्हेनिसचे कालवे, पिसाचा कललेला मनोरा हीं सर्व यथाक्रम झालीं. तीं टिपल्यावांचून इटलीहून परत येण्याची परवानगीच नसावी अशी आमची समजूत आहे. एका चित्रापाशीं मात्र आम्ही थबकलों. विस्तीर्ण निळ्या सरोवरांत एक दगडी घंटाघर एकटेंच उभें होतें. त्यास ना पायरी, ना दार, ना भोंवतीं गांव. "असलें दृश्य दुसरीकडे कोठें पाहावयास मिळणार?" असें स्नेही म्हणाले. त्यांची सासुरवाडी सोलापूरची. वर्षांतून दोन खेपा ठरलेल्या. त्या वाटेवर भिगवण मागें पडल्यावर डाव्या हातास जें पाणी दिसूं लागतें त्यांत असलेंच एक शिखर आहे, हें त्यांस इतक्या वर्षांत कोणीं सांगितलें नव्हतें. त्यांस दोष तो काय द्यावा? आम्हींहि तें शिखर तोंवर चित्रांतच पाहिलें होतें. त्याच बैठकींत जाण्याचा बेत ठरला. आणि पुढें जें पाहिलें व त्याच्या अनुषंगानें जें वाचलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम त्या घंटाघराची हकीकत. इटलीच्या अगदीं उत्तरेस, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीनजीक, आल्प्स पर्वतांत रेझिया नांवाचें सरोवर आहे. त्याच्या कांठीं कुरोन हें जर्मन भाषा बोलणाऱ्या शेतकऱ्यांचें गांव होतें. वीज उत्पन्न करण्यासाठीं धरण बांधून १९५० सालीं सरोवराची पातळी चढविली, तेव्हां १६३ घरें व पांचशेंहून अधिक हेक्टर जमीन पाण्याखालीं गेली. घरें व देवालय पाडण्यांत आलीं. चौदाव्या शतकांतील घंटाघर तेवढें राखलें. घंटा आधींच उतरवून नेल्या होत्या. तरी हिवाळ्यांत कधीं कधीं पाण्याखालून घंटानाद ऐकूं येतो अशी त्या खोऱ्यांत वदंता आहे. सरोवर गोठलें म्हणजे बर्फावरून चालत जाऊन मनोऱ्यास हात लावतां येतो, आणि प्रवासी त्याचसाठीं दुरून येतात. टस्कनी प्रांतांत फाब्रिके दि कारेज्जिने नांवाचें लोहारांचें एक जुनें गांवहि असेंच बुडालेलें आहे. तेथील धरण दुरुस्तीसाठीं रिकामें केलें म्हणजे तें देवालयासकट वर येतें. १९९४ सालीं तें असें वर आलें, तेव्हां पाहणाऱ्यांची रीघ लागली होती.

एके काळीं इटलीचे लोक नवलाच्या गोष्टी पाहण्यासाठीं आपल्याकडे येत असत. पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३ सालीं गोव्यास आला. व्हेनिसचा निकोलाव मनुची १६६५ सालीं मिर्झा राजा जयसिंगाच्या छावणींत शिवाजी महाराजांस भेटला व ती आठवण त्यानें लिहून ठेविली. आतां आपण त्यांच्याकडे जातों, हें ठीकच झालें. पण मनुचीनें निघण्यापूर्वीं घरचें व्हेनिस तरी पाहिलें होतें.

पुण्याहून सोलापूरच्या हमरस्त्यानें साठ-पासष्ट मैल गेलें कीं भिगवण लागतें, आणि तेथून इंदापुराकडे जातांना वाटेंत पळसदेव हें गांव येतें. हें पळसदेव नवें. जुनें पळसदेव भीमेच्या कांठीं होतें, व त्याचें ग्रामदैवत पळसनाथ, म्हणजे महादेव. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि जुनें गांव त्याच्या जलाशयांत गेलें. लोकांनीं वर येऊन नवें गांव वसविलें, देवाची पूजा नव्या देवळांत सुरू झाली, आणि जुनें देऊळ जागच्या जागीं पाण्यांत राहिलें.

आम्ही प्रथम गेलों तो २०२४ च्या फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. कांठावरील चिखल ओलांडून होडींत बसलों. सकाळची वेळ, वारा पडलेला, पाणी तव्यासारखें सपाट. नावाडी बोलत नव्हता, व आमचे एरवीं बोलके स्नेहीहि गप्प होते. समोर शिखर दिसूं लागलें. आधीं एक काळसर ठिपका, मग विटांचे थर, मग त्या थरांवर पांढऱ्या रेषा. ह्या रेषा म्हणजे निरनिराळ्या वर्षीं पाणी जेथें जेथें थांबलें त्याच्या खुणा. बगळ्यांनीं शिखराच्या एका अंगास वस्ती केली होती. होडी अगदीं जवळ गेली तेव्हां पाण्याखालीं मंडपाचें छप्पर पुसट दिसलें. आपण एका देवळाच्या आवारावरून, माणसाच्या डोक्याच्या किती तरी वर, तरंगत आहों, या जाणिवेनें अंगावर कांटा आला हें कबूल केलें पाहिजे.

देऊळ हेमाडपंती आहे असें सर्व जण सांगतात. महाराष्ट्रांत चुन्यावांचून रचलेलें काळ्या दगडाचें कोणतेंहि जुनें देऊळ हेमाडपंतांच्या नांवावर जमा होतें. तेराव्या शतकांतील तो यादवांचा मंत्री हीं सर्व बांधावयास उभ्या जन्मांत पुरा पडला नसता. तें असो. खालचें अंग दगडी असून वरचें शिखर विटांचें आहे. चाळीसांहून अधिक वर्षें पाण्यांत भिजून व उन्हांत वाळून तें उभें राहिलें. आपल्या वाड्यांच्या भिंतींस दोन पावसाळ्यांत ओल येते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या अज्ञात गवंड्यांविषयीं आदर वाटतो.

पण ह्या मुलखांत पाण्याचें नवल नुसतें डोळ्यांनीं पाहून कळत नाहीं. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकतां सरकतां विरत जातो, आणि बारामती-इंदापुरापर्यंत येतो तेव्हां त्याची झोळी बहुधा रिकामी झालेली असते. इंदापूर तालुक्याच्या एका अंगास भीमा व दुसऱ्या अंगास नीरा. दोघींचा संगम तालुक्याच्या अगदीं टोंकास नीरा-नरसिंहपूर येथें. नकाशावर पाहणारास वाटावें, केवढा भाग्यवान मुलूख! प्रत्यक्षांत दोन्ही नद्या पश्चिमेच्या डोंगरांत पडलेल्या दुसऱ्यांच्या पावसाचें पाणी घेऊन येत व तसेंच पुढें घेऊन जात. कांठची काळी पट्टी तेवढी सुपीक. मधला सारा माळ.

तरी हा मुलूख इतिहासांत अप्रसिद्ध नाहीं. शिवाजी महाराजांचे आजे मालोजीराजे इंदापूरच्या लढाईंत पडले. तेथील गढी त्यांच्या नांवानें ओळखली जाते. सुपें व इंदापूर हे परगणे पुढें शहाजीराजांच्या जहागिरींत होते. परंतु ज्या गोष्टीमुळें इंदापूरचें नांव साऱ्या मुंबई इलाख्याच्या दप्तरांत गेलें ती गोष्ट लढाईची नव्हे, मोजणीची आहे. आणि पर्यटकांस दाखविण्याजोगें तिचें कसलेंच स्मारक नसल्यामुळें ती कोणी सांगत नाहीं.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं जमिनीचा सारा ठरविण्यासाठीं प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्याकडून मोजणी करविली. हा गृहस्थ विलायतेंत अर्थशास्त्र शिकून आलेला. प्रत्येक प्रतीच्या जमिनींतून खर्च वजा जातां निव्वळ उत्पन्न किती उरतें त्याचा हिशेब करून त्यावर सारा बसवावा, अशी त्याची पद्धति. कागदावर ती निर्दोष होती. पण मोजणी करणारे कारकून हाताखालचे, त्यांची लांचलुचपत उघड, आणि बसविलेला सारा इंदापूरच्या पावसास न झेपणारा. १८३० च्या सुमारास ती पद्धति अमलांत आली आणि कुणब्यांनीं जमिनी टाकून देण्यास सुरुवात केली. शेतें ओसाड पडलीं, गांवें रिकामीं होऊं लागलीं. पळसदेवाच्या पूर्वीं दीडशें वर्षें ह्याच तालुक्यांतील माणसें घरें सोडून गेलीं होतीं, तीं पाणी आलें म्हणून नव्हे. पाणी नाहीं आणि सारा मात्र आहे, म्हणून.

तेव्हां १८३५-३६ सालीं गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट ह्या दोघांनीं इंदापुरांत नव्यानें मोजणी केली. त्यांनीं निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. शेत मोजावें, मातीची खोली व पोत पाहावा, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत जमिनीची प्रत ठरवावी, आणि तालुक्याची एकंदर ऐपत पाहून दर बसवावा. तोहि तीस वर्षें न बदलणारा. दर उतरले, पडीक जमीन पुन्हां वहितीस आली, व इंदापूरची ही रीत १८४७ च्या संयुक्त अहवालानें साऱ्या इलाख्यास लागू झाली. आजहि आपल्या सात-बाराच्या उताऱ्यावर जो सर्व्हे नंबर असतो त्याचें कूळ शोधीत गेल्यास इंदापूरच्या माळावर येऊन पोंचावें लागतें.

मात्र तीस वर्षें संपतांच, १८६७ त, सारा पुन्हां चढला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाला आलेला भाव त्या सुमारास उतरला होता, आणि सावकाराचें व्याज कांहीं उतरत नव्हतें. १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, हल्लीं बारामती तालुक्यांत असलेल्या सुप्यास जमलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली आणि खतें-पत्रें जाळलीं. दक्षिणेंतील दंगे म्हणून ज्यांची चौकशी पुढें सरकारी मंडळानें केली, त्यांची ही सुरुवात. लगेच १८७६-७७ चा दुष्काळ आला. त्या दुष्काळानें दिलेल्या धड्यांतूनच भाटघरचें धरण व नीरेचा डावा कालवा निघाला. १८८५ च्या सुमारास कालव्याचें पाणी वाहूं लागलें, आणि बारामतीकडील माळावर ऊंस उभा राहिला. १९३० नंतर कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनीं साखरेचा कारखाना काढला व वालचंदनगर वसलें. ह्यापुढील ऊंसपुराण वाचकांस रोजच्या वर्तमानपत्रांतून पाठच आहे.

येथवर पाणी आलें तें कोरड्या मुलखाच्या मागणीवरून आलें. उजनीचा प्रकार निराळा झाला. धरण सोलापूर जिल्ह्यांत, माढें तालुक्यांत. पण त्याचें पाणी मागें मागें चढत इंदापूर, करमाळें, दौंड, कर्जत ह्या तालुक्यांच्या नदीकांठांवर पसरलें. ज्या काळ्या पट्टीस इंदापूरकरांनीं पिढ्यान्‌पिढ्या सोळा आण्यांची जमीन म्हणून जपलें, नेमकी तीच बुडाली. धरणाची एकंदर सांठवण सुमारें ११७ अब्ज घनफूट. त्यांपैकीं जवळजवळ ६४ अब्ज घनफूट हा मृत सांठा, म्हणजे कालव्यास न मिळणारा. त्यामुळें उजनीच्या पाण्याची मोजदाद शून्याखालीं जाते. इतर धरणें रिकामीं होतात, उजनी उणी होते. २०२३ सालीं पाऊस ओढला, आणि २०२४ च्या जूनपर्यंत ती उणें साठ टक्क्यांच्या आसपास पोंचली.

बुडालेल्या वस्तूंपैकीं सर्वच अदृश्य झालेल्या नाहींत. भिगवणच्या अलीकडे-पलीकडे भटकतांना डिकसळचा जुना पूल अवश्य पाहावा. १८५८ च्या डिसेंबरांत पुण्याहून आगगाडी डिकसळपर्यंत येऊं लागली आणि पुढें १८५९ च्या ऑक्टोबरांत बार्शी रोड, म्हणजे हल्लींचें कुर्डुवाडी, येथपर्यंत गेली. मधले दहा महिने डिकसळ हें लोहमार्गाचें टोंक होतें. सोलापुराकडचा प्रवासी येथें उतरून बैलगाडी शोधीत असेल, व पुण्यामुंबईकडचा माल येथें उतरून पडत असेल. आज तें खेडें पाहून ह्या वैभवावर विश्वास बसत नाहीं. धरण झाल्यावर लोहमार्ग हलविला, व जुना दगडी पूल गाड्या-माणसांच्या रहदारीस मोकळा झाला. अलीकडे त्याचा कांहीं भाग ढासळला आहे. तो दुरून पाहणें बरें.

आतां पक्ष्यांविषयीं. भिगवणचें नांव आज ज्या कारणानें पुण्यामुंबईकडील सुशिक्षित कुटुंबांत घेतलें जातें तें कारण म्हणजे रोहित पक्षी. कुंभारगांव, डिकसळ ह्या भागांत हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत ते शेंकड्यांनीं उतरतात. कच्छच्या रणांतील त्यांची वीण प्रसिद्ध आहे. आम्ही पहाटे कुंभारगांवाहून निघालों. उजाडतांना समोर फिकट गुलाबी पट्टा दिसला, तो आम्हीं आकाशाचा समजलों. होडी जवळ जातांच त्या पट्ट्यास पाय फुटले. रोहित पक्ष्याचें खाणें पाहणें ही मौजेची गोष्ट आहे. तो मान खालीं घालून चोंच उलटी करतो, म्हणजे वरचा जबडा खालीं व खालचा वर, आणि जिभेनें पाणी आंतबाहेर करून शेवाळ व बारीक जीव गाळून घेतो. आमच्या स्नेह्यांच्या मुलीनें, 'गृहिणीनें ताक गाळावें तसें' अशी उपमा दिली; ती आम्हांस पसंत पडली. हिवाळ्यांत हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब व संस्कृत कवींचा लाडका चक्रवाक हेहि येथें दिसतात. भादलवाडीच्या तलावांतील बाभळींवर चित्रबलाकांच्या वसाहती असतात. तेथें मात्र नाकास पदर लावावा लागतो.

हें शेवाळ इतकें विपुल कां, ह्याचें एक उत्तर पुणेंकरांनीं ऐकून ठेवावें. पुणें व पिंपरी-चिंचवडच्या मोऱ्यांचें पाणी मुळा-मुठेच्या वाटेनें भीमेस मिळतें आणि उजनींत येऊन थांबतें. ज्या पाण्यावरचे पक्षी पाहावयास आम्ही साठ मैल जातों तें बऱ्याच अंशीं आमच्याच घरांतून पुढें गेलेलें असतें. कांठच्या गांवांस त्याचा वास रोज येतो. आम्हांस तो एका सकाळीं आला व आम्हीं खिडकी लावून घेतली.

परततांना नावाड्यास आम्हीं विचारलें कीं, पाहुण्यांची गर्दी केव्हां होते? तो म्हणाला, "पाणी हाटलं की." हे तीन शब्द आमच्या मनांतून जाईनात. खोल पाण्यांत रोहित उभा राहूं शकत नाहीं. पाणी ओसरून दलदल उघडी पडली म्हणजेच त्याचें ताट वाढलें जातें. देऊळहि पाणी ओसरलें तरच दिसतें, आणि तें जितकें पायापर्यंत दिसावें तितकें वर्ष वाईट. म्हणजे ज्या वर्षीं प्रवाशाचे डोळे निवतात, त्या वर्षीं खालच्या अंगास ऊंस वाळतो, कांठच्या शेतकऱ्यास आपला पंप व नळ दर आठवड्यास पाण्यामागून पुढें न्यावा लागतो, आणि सोलापुरांत नळास पाणी किती दिवसांआड येणार ह्याची चर्चा सुरू होते. इटलींतील घंटाघराकडे पाहून तेथल्या पावसापाण्याचा अंदाज करतां येत नाहीं. पळसनाथाचें शिखर ही पाणी मोजण्याची काठीच आहे. प्रवाशांनीं येऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. त्या नावाड्याचें जुनें रान ह्याच पाण्याखालीं आहे. मासे पकडून व पाहुण्यांस फिरवून तो घर चालवितो, आणि होडीचे पैसे त्यास चार महिने पुरतात. पण "यंदा देऊळ पूर्ण दिसतें हो, लवकर जाऊन या!" असा जो आनंदाचा निरोप आम्हीं स्वतः दोघांचौघांस पाठविला, तो पाठवितांना आम्ही काय कळवीत होतों हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

जलाशयावरील होडी ही आम्हांस मौज. कांठच्या लोकांस ती रस्ता आहे. पूर्वीं भीमा उन्हाळ्यांत पायीं ओलांडीत, आतां दोन कांठांमध्यें मैलोगणती पाणी. करमाळें तालुक्यांतील कुगांवच्या माणसास समोरच्या इंदापूर तालुक्यांतील कळाशीस यावयाचें तर रस्त्यानें फार मोठा वळसा. म्हणून लोक दुचाकी गाड्यांसुद्धां होडींतून येतात. मे २०२४ मध्यें अशीच एक होडी संध्याकाळच्या वादळांत उलटली व सहा जीव गेले, त्यांत लहान मुलें होतीं. हा जलाशय सकाळीं तव्यासारखा असतो म्हणून आम्हीं वर लिहिलें आहे. दुपारनंतर तो समुद्र होतो. जाणारांनीं दहाच्या आंत कांठास लागावें, व अंगांत तरंगण्याचें जाकीट असल्याशिवाय होडींत पाय ठेवूं नये. उघड्या पडलेल्या गाळावरहि वाटाड्यावांचून चालूं नये. वरून तो भेगाळलेला, टणक दिसतो. आम्ही एके ठिकाणीं गुडघ्यापर्यंत गेलों, व एक जोडा भीमार्पण झाला.

ज्यांस पाण्याचें भय वाटतें त्यांनीं माळ पाहावा. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे; पांच चौरस किलोमीटरांचें तें एक लहानसें रान, पण तेथें चिंकारा हमखास दिसतो. इंदापूर तालुक्यांत कडबनवाडी व बारामती तालुक्यांत शिर्सुफळ येथील गवताळ माळांवर वनखात्यानें अलीकडे गाडींतून फिरण्याची सोय केली आहे. लांडगा दिसला तर दैव समजावें. प्रिंगलच्या काळीं हेच माळ ओसाड म्हणून दप्तरांत लिहिले गेले. बारामतीस कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाइकांचा वाडा आहे. ह्यांच्याच आश्रयास मोरोपंत राहिले व १७९४ सालीं बारामतीसच वारले; मराठी वाचकानें तेथें न थांबतां पुढें जाणें शोभत नाहीं. आषाढी वारीच्या दिवसांत गेल्यास तुकोबांची पालखी ह्याच वाटेनें जाते. काटेवाडीस पालखीभोंवतीं मेंढ्यांचें रिंगण होतें व परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात. बेलवाडीस अश्वांचें रिंगण होतें. संगमावरील नरसिंहाचें देऊळ व घाट हा तर एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पळसदेवास आम्ही पुन्हां गेलों तें मे महिन्याच्या अखेरीस. होडी लागली नाहीं. देऊळ उंबरठ्यापर्यंत उघडें पडलें होतें. दगडांवर शिंपल्यांचें कवच, सभामंडपांत ढोपरभर गाळ, आवारांत वीरगळ व सतीचे दगड अर्धे रुतलेले. जत्रेसारखी गर्दी होती. मुलें शिखराकडे पाठ करून स्वतःचीं छायाचित्रें घेत होतीं, एकानें भेळेची गाडी लावली होती. गाभाऱ्यांत कोणीं तरी ताजा बेल वाहिला होता. पूजा वरच्या देवळांत चालू असतां येथें बेल कोणीं आणला, असें आम्हीं एका म्हाताऱ्या गृहस्थांस विचारलें. ते घोंगडीवर सांवलींत बसले होते. त्यांनीं उत्तर न देतां हातानें खूण केली. देवळाच्या पलीकडे, जेथें कोणी जात नव्हतें, तेथें दगडांच्या दोन बुटक्या रांगा व मध्यें थोडी मोकळी जागा होती.

"ते आमचं घर," ते म्हणाले. "हिकडं सोपा. त्या अंगाला खळं. देवाला बघाया समदी येत्यात, पाव्हणं. तिकडं कोन जायाचं?"

आम्ही त्यांच्याबरोबर गेलों. उंबऱ्याचा दगड शाबूत होता. आजोबांनीं पायांतल्या वहाणा काढल्या, तेव्हां आम्हींहि काढल्या, आणि त्या चार भिंतींच्या खुणांमध्यें आम्ही कांहीं वेळ उभे राहिलों. चूल कोठें होती, बैल कोठें बांधीत, लग्नांत मांडव कोणत्या अंगास घातला, हें त्यांनीं चालून दाखविलें. जमिनीचा सर्व्हे नंबर त्यांस अद्यापि तोंडपाठ होता.

जुलईंत घाटमाथ्यावर पाऊस लागला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत उजनी भरली. आमचे स्नेही त्याच महिन्यांत सोलापुरास गेले, व तेथून त्यांनीं पत्र लिहिलें. पळसदेवापाशीं गाडी थांबवून त्यांनीं मुलांस डावीकडील जागा दाखविली. पाणी पार वरपर्यंत आलेलें होतें, आभाळ भरलें होतें, दिसलें कांहींच नाहीं. कांठावर एक होडी उलटी घालून ठेविलेली होती, आणि पलीकडच्या रानांत ऊंसाची लागण चालली होती.